निवासी डॉक्टर घडतो कसा, पारखला जातो कसा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचा, खाटांचा आणि नव्या यंत्रसामग्रीचा वृत्तांत सादर करीत असतो. याही वर्षी तो या अहवालात अन्यत्र छापलेला आहे. आज मात्र अध्यक्षमहोदयांच्या अनुमतीने एका पत्राला जाहीर उत्तर द्यावे असे आम्ही ठरविले आहे. काही महिन्यांपूर्वी तक्रारपेटीत एका रुग्णाच्या कन्येने लिहिलेले पत्र आले. तिच्या वडिलांना रात्री दाखल करण्यात आले होते. तिने लिहिले होते की, वडिलांना सकाळपर्यंत मोठ्या डॉक्टरांनी पाहिले नाही, शिकाऊ डॉक्टरांनीच सर्व केले. आपल्या वडिलांवर कोणी शिकावे यासाठी आम्ही त्यांना येथे आणले होते काय?

पत्राची भाषा सभ्य होती आणि प्रश्न रास्त होता. तिला लेखी उत्तर गेले, त्यात शिष्टाचाराप्रमाणे दिलगिरीही होती. परंतु अशा प्रश्नाला दिलगिरीने उत्तर मिळत नाही. हा प्रश्न मनात असलेली आणखी किती तरी कुटुंबे पत्र न लिहिता घरी गेली असतील. म्हणून आज आपल्या रुग्णालयातील निवासी डॉक्टर कोण असतो, तो शिकतो कसा, त्याची पारख कोण आणि कशी करतो, आणि त्यात आपण कोठे कमी पडलो, हे आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, निवासी डॉक्टर हा विद्यार्थी असला तरी तो डॉक्टर असतोच. साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करून त्याची वैद्यक परिषदेत नोंदणी झालेली असते. त्यानंतर नीट-पीजी ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा देऊन, गुणवत्तेच्या क्रमाने तो तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिक्षण एम.डी. वा एम.एस. या पदव्यांसाठी होते. त्यांच्या परीक्षा सामान्यतः नाशिक येथील, १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत ते डी.एन.बी. या पदवीसाठी होते. ही पदवी देणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ १९८२ पासून कार्यरत आहे. महाविद्यालय नसलेल्या, परंतु पुरेसे रुग्ण आणि अनुभवी तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयांतही तज्ज्ञ घडविता यावेत, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ आहे.

'निवासी' या शब्दाचाही इतिहास आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड या दोन वैद्यकांनी तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावे, रुग्णाच्या खाटेपाशी शिकावे आणि वरिष्ठांच्या हाताखाली पायरीपायरीने जबाबदारी घ्यावी, अशी पद्धत घालून दिली. पुढे ती जगभर पसरली. आपल्या भाषेत 'हाताखाली तयार होणे' असा प्रयोग आहे. त्यात या पद्धतीचे सारे मर्म आले. हात शिकणाऱ्याचा असतो, पण वर आणखी एक हात असतो.

आता त्याची परीक्षा कशी होते ते पाहू. डी.एन.बी.च्या अंतिम लेखी परीक्षेत चार प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी शंभर गुणांची आणि तीन तासांची. त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा होते. तीत परीक्षार्थीला प्रत्यक्ष रुग्ण तपासावयास देतात, बाहेरील परीक्षक तोंडी प्रश्न विचारतात, आणि ठरावीक मिनिटांत एकेका टेबलापाशी एकेक काम करून दाखवावे लागते. या टेबलांच्या पद्धतीला 'ऑस्की' म्हणतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ मध्ये मांडली. एकाच परीक्षकाच्या मर्जीवर आणि वाट्याला आलेल्या एकाच रुग्णावर निकाल अवलंबून राहू नये, हा तिचा उद्देश. याखेरीज शोधप्रबंध लिहावा लागतो आणि तो मान्य व्हावा लागतो. राष्ट्रीय वैद्यक आयोग सप्टेंबर २०२० पासून जुन्या वैद्यक परिषदेच्या जागी आला. त्याच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत किमान ८० टक्के उपस्थिती, संशोधनपद्धती व नीतिशास्त्र यांचे शिक्षण आणि हृदय बंद पडल्यास करावयाच्या उपचारांचे प्रशिक्षण आवश्यक मानले आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तीन महिने सेवा करणे हाही आता या शिक्षणाचा भाग आहे.

इतक्या चाळण्यांतून गेलेला डॉक्टर चांगला असणारच, असे आपणांस वाटेल. आम्हांसही अनेक वर्षे तसेच वाटत होते. आपल्या रुग्णालयाचे निकाल चांगले लागत होते, उत्तीर्णांची छायाचित्रे या अहवालात छापली जात होती, आणि एवढ्यावर आमचे समाधान होते.

जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी १९९० मध्ये एक साधी उतरंड मांडली होती. तळाशी, डॉक्टरला एखादी गोष्ट ठाऊक आहे. त्यावर, ती कशी करावी हे ठाऊक आहे. त्यावर, तो ती करून दाखवू शकतो. आणि शिखरावर, तो रोजच्या कामात ती खरोखर तशी करतो. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्या तपासते. प्रात्यक्षिक परीक्षा तिसरी तपासते. शिखरावरची गोष्ट, म्हणजे रात्री अडीच वाजता, सलग काम करून दमल्यावर, घाबरलेल्या नातेवाइकांच्या गर्दीत तो नेमके काय करतो, ही कोणत्याही परीक्षागृहात दिसत नाही. ती वॉर्डातच पाहावी लागते, आणि तेथे असलेल्या अनुभवी माणसानेच पाहावी लागते.

हे काम नोंदले जावे म्हणून प्रत्येक निवासी डॉक्टरकडे लॉगबुक असते. कोणती प्रक्रिया नुसती पाहिली, कोणत्या प्रक्रियेत मदत केली, कोणती वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली आणि कोणती स्वतंत्रपणे केली, अशा चार प्रकारे त्यात नोंद होते, आणि प्रत्येक नोंदीवर वरिष्ठांची सही लागते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना संकोच होतो. पण ते सांगितल्याशिवाय या भाषणाला अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी एका रात्री आपल्या अतिदक्षता विभागात एका वयस्कर गृहस्थांच्या खांद्याजवळच्या हाडाखालील मोठ्या शिरेत औषधांसाठी नळी बसविणे आवश्यक झाले. कर्तव्यावरील निवासी डॉक्टरांनी ती बसविली. सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागली, हवा छातीत साठली आणि रुग्णास धाप लागली. त्या डॉक्टरांनी लक्षण तत्काळ ओळखले, वरिष्ठांना बोलावले, एक्स-रे झाला, छातीत नळी घालून हवा काढण्यात आली. रुग्ण बरे झाले, परंतु त्यांना अधिक दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि यातना सोसाव्या लागल्या. कुटुंबीयांना सर्व हकीकत सांगण्यात आली. त्या वाढीव दिवसांचा आकार घेण्यात आला नाही.

हा अपघात निष्णात हातांकडूनही होऊ शकतो, असे आमच्या तज्ज्ञांनी सांगितले, आणि ते खरे आहे. तथापि चौकशीत त्या डॉक्टरांचे लॉगबुक आमच्यापुढे आले. आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. सुई कोठे टोचावी हे आम्हांस कळत नाही. परंतु व्हाउचर आणि सही यांत आमची हयात गेली आहे. त्या पानावर ही नळी देखरेखीखाली बसविल्याच्या अनेक नोंदी होत्या, तारखा निरनिराळ्या होत्या, आणि सह्या मात्र एकाच बैठकीत, एकाच शाईने, एकाखाली एक केलेल्या होत्या. हिशेबात अशा सह्या आढळल्या तर लेखापरीक्षक ते पान पुढे जाऊ देत नाही. माल न पाहता माल मिळाल्याची पावती देण्यासारखे ते होते.

आम्ही त्या ज्येष्ठ डॉक्टरांना विचारले. ते अत्यंत प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी कोणतीही सबब न सांगता कबूल केले की, त्यांतील बऱ्याच वेळा ते शेजारी उभे नव्हते. मुलगा हुशार आहे, करीत असेल, असा विश्वास त्यांनी ठेवला. मग त्यांनी एक प्रश्न आम्हांस विचारला. सकाळचा राउंड, त्यानंतर बाह्यरुग्ण विभाग, त्यानंतर शस्त्रक्रियागृह, आणि सायंकाळी पुन्हा बाह्यरुग्ण विभाग, या दिवसात शेजारी उभे राहण्याची वेळ कोणती होती, ते दाखवा. सायंकाळचा तो बाह्यरुग्ण विभाग त्याच वर्षी, उत्पन्न वाढावे म्हणून, आमच्याच परिपत्रकाने सुरू झाला होता. त्या परिपत्रकावर सही आमची होती.

म्हणून त्या पानावरील दोष त्या तरुण डॉक्टरांचा नव्हता, आणि केवळ त्या ज्येष्ठ डॉक्टरांचाही नव्हता. शिकविण्याचा वेळ आम्ही विकला होता, आणि तो विकला गेल्याची नोंद कोणत्याही खतावणीत नव्हती.

या बाबतीत परदेशातही असा धडा मिळालेला आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची तरुणी दाखल झाल्यानंतर काही तासांतच मरण पावली. तिला पाहणारे डॉक्टर निवासी होते आणि त्यांच्यावर इतर अनेक रुग्णांचा भार होता. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरले, त्यातून एक समिती नेमली गेली, आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांचे काम आठवड्यास ८० तासांवर मर्यादित झाले. २००३ मध्ये ही मर्यादा साऱ्या अमेरिकेत लागू झाली. या कथेतील तासांचा भाग सर्वांच्या लक्षात राहिला. परंतु त्या समितीने तासांइतकाच आग्रह आणखी एका गोष्टीचा धरला होता : अनुभवी डॉक्टर रुग्णालयात चोवीस तास प्रत्यक्ष उपलब्ध असावेत आणि त्यांनी निवासी डॉक्टरांवर देखरेख ठेवावी. समितीचे अध्यक्ष डॉ. बर्ट्रंड बेल पुढे अनेक वर्षे हेच सांगत राहिले की, तास कमी करणे हा अर्धाच उपाय आहे.

आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकत, तेव्हा पाठीला सुका भोपळा बांधीत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे सर्वांना ठाऊक होते. पण काठावर काका किंवा मामा बसलेला असे, आणि भोपळा केव्हा सोडावयाचा हे तो ठरवी, मुलगा नव्हे. आमच्या रुग्णालयात काठावरचा माणूस उठून दुसऱ्या कामाला गेला होता. त्याला आम्ही पाठविले होते.

त्यानंतर विश्वस्तांच्या संमतीने आम्ही जे बदल केले ते थोडक्यात असे. पहिला, लॉगबुकातील सही त्याच दिवशी व्हावी, आणि सहीसोबत वरिष्ठांनी आपण काय पाहिले याचे एक वाक्य लिहावे. नुसती सही ग्राह्य धरली जात नाही. एका वाक्याने काय होते, असे प्रारंभी काहींनी विचारले. परंतु जे पाहिलेच नाही त्याचे एक वाक्यही लिहिणे फार कठीण असते. दुसरा, काही प्रक्रियांची यादी वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात लावली आहे. त्या प्रक्रिया कोणत्या निवासी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे करावयाच्या आणि कोणत्या केवळ वरिष्ठांच्या उपस्थितीत, हे तीत नावानिशी लिहिलेले असते. रात्रपाळीच्या सिस्टरांना ती यादी दाखवून काम थांबविण्याचा अधिकार आहे. हा अधिकार त्यांनी वापरला आहे, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावलेला नाही.

तिसरा बदल सर्वांत महागाचा. प्रत्येक विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांचे आठवड्यातील काही तास बाह्यरुग्णांसाठी बंद ठेवले आहेत. त्या वेळी ते निवासी डॉक्टरांना काम करताना पाहतात. पंधरा-वीस मिनिटे शेजारी बसावयाचे, मध्ये बोलावयाचे नाही, आणि नंतर बाजूच्या खोलीत, रुग्णांपुढे नव्हे, काय साधले आणि काय राहिले ते सांगावयाचे. ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. अशा छोट्या निरीक्षणांच्या पद्धती गेल्या तीसेक वर्षांत अनेक देशांत रुळल्या आहेत, आणि आपल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळानेही अंतिम परीक्षेपूर्वीच्या मूल्यमापनात, लेखी चाचणी आणि तिच्यावरील चर्चा यांच्या जोडीला, प्रत्यक्ष कामाच्या जागी होणाऱ्या पारखेला स्थान दिले आहे. कमी पडते ते बसावयास लागणारे माणूस आणि त्याची वीस मिनिटे.

या वीस मिनिटांत काय दिसते, याचे एक उदाहरण. मधुमेहाने पाय सडलेल्या एका रुग्णास पाय काढावा लागेल हे सांगावयाचे होते. निवासी डॉक्टरांनी आजार, धोके, पर्याय हे सर्व अचूक सांगितले. परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळाले असते. बाहेर आल्यावर ज्येष्ठ डॉक्टर एवढेच म्हणाले, "तुम्ही सर्व बरोबर सांगितलेत, पण पाय हा शब्द उच्चारल्यानंतर त्यांनी पुढचे काही ऐकले नाही. तुम्ही थांबावयास हवे होते. आणि त्यांच्या पत्नीकडे तुम्ही एकदाही पाहिले नाही." ते डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, खुर्ची ओढून बसले, आणि पुन्हा सांगितले. रुग्णाने त्या दिवशी प्रथमच प्रश्न विचारले. हा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येणार नाही.

भाषेचीही अशीच गोष्ट आहे. डी.एन.बी.चे प्रवेश अखिल भारतीय पातळीवर होत असल्याने आपल्याकडे अनेक प्रांतांतील डॉक्टर येतात, आणि त्यांच्या गुणवत्तेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपला रुग्ण मराठीत आजारी पडतो. त्याला कळ येते, कणकण वाटते, भोवळ येते, उमळून येते. एकदा मधुमेहाच्या एका आजीबाई 'जीव घाबरा होतोय' असे सांगत होत्या, आणि नव्याने आलेले डॉक्टर त्यांना भिण्याचे कारण नाही असा धीर देत होते. शेजारच्या सिस्टरांनी रक्तातील साखर तपासली तेव्हा ती फार खाली उतरलेली होती. आता नव्या निवासी डॉक्टरांना पहिल्या महिन्यात वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टर रुग्णांची भाषा शिकवितात, आणि त्या डॉक्टरांच्या मूल्यमापनात सिस्टरांचे मतही विचारले जाते. डॉक्टर रात्री हाक मारल्यावर किती वेळात येतो, चूक झाली तर सांगतो की लपवितो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

आता एक नाजूक मुद्दा. आपणां सर्वांस विदित आहे की, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, आणि त्यासाठी देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही व्यवस्था न्याय्य आहे. परंतु शिकण्याचा सारा भार त्याच खाटांवर पडला, तर ते दान राहणार नाही, तो सौदा होईल : तुला उपचार फुकट, त्या बदल्यात तुझ्या अंगावर आम्ही शिकणार. असा सौदा आपल्या रुग्णालयात होऊ नये, म्हणून निवासी डॉक्टर सर्वसाधारण कक्षाप्रमाणेच खासगी खोलीतील रुग्णांनाही पाहतात, आणि देखरेखीचे नियम दोन्हीकडे तेच आहेत. यामुळे काही सधन रुग्ण नाराज होतात, हे आम्हांस माहीत आहे. त्यांना आमची नम्र विनंती आहे की, आज त्यांच्यावर उपचार करणारे प्रत्येक मोठे डॉक्टर कधी तरी कोणाच्या तरी खाटेपाशी शिकले आहेत, आणि ती खाट बहुधा एखाद्या गरिबाची होती.

निवासी डॉक्टरांच्या विश्रांतीचाही उल्लेख केला पाहिजे. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा अधिक नसावे, आठवड्यास ४८ तास असावे, असे नमूद होते. देशात ते क्वचितच पाळले गेले, आणि आपलेही रुग्णालय त्यास अपवाद आहे असा दावा आम्ही करीत नाही. २०२३ च्या नियमांत वाजवी कामाचे तास आणि विश्रांतीचा वाजवी अवधी असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे आम्ही ठरवावयाचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रात्रपाळीत सभाकक्षात विश्रांती घेत असलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरवर जो अत्याचार होऊन तिचा जीव गेला, त्यानंतर आम्ही आपल्या येथील महिला डॉक्टरांना रात्री कोठे झोपता असे विचारले. उत्तर ऐकून आम्हांस मान खाली घालावी लागली. आतून कडी असलेली, वॉर्डाजवळची, पंखा आणि स्वच्छतागृह असलेली खोली ही चैनीची वस्तू नव्हे. दमलेल्या डोळ्यांना चूक दिसत नाही, स्वतःची नाही आणि दुसऱ्याचीही नाही.

देणगीदार बंधु-भगिनींनो, आता आमचे मागणे. या अहवालातील जमाखर्चात निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन दिसेल, ग्रंथालयाचा खर्च दिसेल, सरावासाठी घेतलेले पुतळे दिसतील. ज्येष्ठ डॉक्टरांचे बंद ठेवलेले तास मात्र खर्चाच्या बाजूला दिसणार नाहीत. ते केवळ घटलेल्या उत्पन्नाच्या रूपाने, न बोलता, दिसतील. वर्षअखेर तूट आली की प्रथम याच तासांकडे लक्ष जाते, हे अनुभवाने सांगतो, कारण एकदा आमचेच लक्ष तेथे गेले होते. म्हणून विश्वस्त मंडळाने 'अध्यापन निधी' या नावाने स्वतंत्र खाते उघडावे, आणि त्यातून या तासांचे मानधन दिले जावे, असा प्रस्ताव आम्ही सादर केला आहे. निधी स्वतंत्र असला की, तो वेळ पुन्हा विकण्यापूर्वी कोणाला तरी विश्वस्तांपुढे उभे राहून कारण द्यावे लागेल.

आपण दिलेल्या यंत्रांवर आपल्या मातापित्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या आहेत, आणि त्या असाव्यात. तासावर पाटी लावता येत नाही. तरीही एखाद्या कुटुंबाने आपल्या दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ एका विभागाचे वर्षभराचे हे तास पत्करले, तर त्या वर्षी त्या विभागात तयार झालेला डॉक्टर पुढे तीस-पस्तीस वर्षे, कदाचित कोणत्या तरी दूरच्या तालुक्यात, त्या दानाचा वापर करीत राहील. निवासी डॉक्टरांच्या विश्रांतिकक्षांसाठीही आपल्या साहाय्याची अपेक्षा आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसही एक विनंती. निवासी डॉक्टर खाटेपाशी आले की त्यांचे नाव विचारा. हे काम ते स्वतंत्रपणे करणार आहेत की वरिष्ठांसमक्ष, हेही विचारा. वरिष्ठ कोण आहेत आणि त्यांना कळविले आहे काय, हे विचारा. हे विचारणे उद्धटपणा नव्हे, तो आपला अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर सरळ मिळाले नाही तर आमच्या कार्यालयात यावे. मात्र उत्तर सरळ मिळाले, तर त्या तरुण माणसावर विश्वास ठेवावा.

ज्या कन्येच्या पत्राने या भाषणाचा आरंभ झाला, तिचे उत्तर आता पूर्ण करतो. ताई, आपल्या वडिलांच्या खाटेपाशी त्या रात्री कोणी तरी शिकत होते, हे खरे आहे. त्या वेळी वरिष्ठ दूरध्वनीवर होते आणि त्यांनी दिलेल्या सूचना केस-पेपरवर वेळेनिशी लिहिलेल्या आहेत. परंतु हे त्याच रात्री आपणांस कोणी सांगितले नाही. ती चूक आमची. रात्री दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या आप्तांना जबाबदार वरिष्ठांचे नाव आता लेखी दिले जाते. ही सुधारणा आपल्या पत्रामुळे झाली.

ज्या वयस्कर गृहस्थांना त्या रात्री आपल्या येथे यातना सोसाव्या लागल्या, ते पुढील तपासणीस नियमितपणे येत राहिले. पहिल्याच खेपेस त्यांनी खिडकीपाशी चौकशी केली की, ते धाकटे डॉक्टर कोठे आहेत, त्यांनी रात्रभर उशाशी बसून मला सोडले नाही. त्या डॉक्टरांना त्यानंतर काही महिने ती प्रक्रिया एकट्याने करू दिली नव्हती. त्यांना त्याचे वाईट वाटले होते. पुढे प्रत्येक वेळी वरिष्ठ शेजारी उभे राहिले, प्रत्येक वेळी एक वाक्य लिहिले गेले, आणि एके दिवशी त्या पानावर लिहिले गेले की, यापुढे माझ्या उपस्थितीची आवश्यकता नाही. त्याखाली सही होती, त्याच दिवसाची.